डिझेलने शर्यतीत उतरू नये काय?

अंधेरी-घाटकोपरच्या रहिवाशाला डिझेल म्हटले की बेस्टची धडधडणारी बस आठवते, नाहीतर कांदिवलीच्या कारखान्यातला महिंद्राचा ट्रॅक्टर. ओझे वाहावे, वेगाचे नाव काढू नये, असा या एंजिनाचा लौकिक. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिक होऊ पाहणाऱ्या मुलाच्याही वाट्याला तोच येतो. तो न्याय्य आहे काय?

फॉर्म्युला वनची नियमावली डिझेलला दारातच अडवते. इंधन पेट्रोलच्या जातीचे हवे आणि ते स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटले पाहिजे, अशी तेथे अट. डिझेल एंजिनात ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. म्हणजे बंदीचा शब्दही न उच्चारता बंदी झाली!

फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीने मात्र दार उघडले आणि 2006 ते 2014 अशी सलग नऊ वर्षे तेथे डिझेल गाड्याच पहिल्या आल्या. आठ वेळा ऑडी, 2009 मध्ये प्यूजो. डिझेल थोडक्यात अधिक पल्ला गाठते, आणि अहोरात्र चालणाऱ्या शर्यतीत इंधनासाठीचा एकेक थांबा वाचणे मोलाचे असते. यात नियमांचा हातभार नव्हता असे मात्र नाही. टर्बो पेट्रोल एंजिनाला चार लिटरची मर्यादा असताना डिझेलला साडेपाच लिटरची मुभा होती, आणि प्रतिस्पर्ध्यांची त्याबद्दलची कुरकुर अनाठायी म्हणता येणार नाही. 2014 पासून तेथे प्रत्येक फेरीत किती ऊर्जा खर्चावी, हेच ठरवून दिले गेले. इंधनाची जात पाहण्यापेक्षा त्याचा हिशेब मागणारा हा नियम आम्हांस अधिक रास्त वाटतो.

डिझेलच्या धुराचा आक्षेप खोटा नाही. उपनगरातल्या रस्त्यांवर तो कोणाला सांगावा लागत नाही. परंतु तो शर्यतीपुरता उपस्थित करणे सोयीचे आहे, इतकेच.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. चाकणला 2009 साली कारखाना सुरू करणाऱ्या फोक्सवॅगनने 2010 मध्ये भारतात पोलो गाड्यांची शर्यत-मालिका भरवली, ती डिझेलवर. 2012 मध्ये ती पेट्रोलकडे वळली. 2014 साली टाटांनी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर डिझेल ट्रकच धावपट्टीवर आणले. आरंभी चालक परदेशी होते. 2016 मध्ये मात्र, रीतसर प्रशिक्षण घेऊन, महामार्गांवर माल वाहणारे आपले ट्रकचालक त्याच धावपट्टीवर शर्यतीत उतरले.