घरातील तसबिरी आणि कुटुंबाचे स्वरूप

कुटुंबसंस्थेच्या अभ्यासात वंशावळी, मिळकतीचे कागद, जनगणनेचे आकडे आणि कुटुंबीयांच्या मुलाखती ही साधने सामान्यतः वापरली जातात. ज्या खोलीत बसून मुलाखत घेतली जाते, त्या खोलीच्या भिंतीकडे मात्र अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत बाहेरच्या खोलीची भिंत ही कुटुंबाने स्वतःविषयी लिहून ठेवलेली एक नोंदवहीच असते. कोणाची तसबीर लागली, कोणाची लागली नाही, कोणती कोणाच्या शेजारी आली, हे ठरविताना कुटुंब आपल्या घटकांचे परस्परांतील स्थान ठरवीत असते. या नोंदवहीचे वाचन कसे करावे आणि ते करताना कोणत्या चुका संभवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. छायाचित्राचा घरात प्रवेश

पॅरिस येथे १८३९ मध्ये छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धती जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रण-संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक होत. परंतु त्या काळची ओल्या काचेची पद्धती खर्चाची आणि खटपटीची होती. काचेवर रसायन चढविणे, चित्र घेणे आणि ते धुऊन काढणे ही तिन्ही कामे काच ओली असतानाच उरकावी लागत. सामान्य कुटुंबाला ती परवडणे शक्य नव्हते. १८७१ मध्ये कोरड्या काचेचा शोध लागल्यावर आणि पुढील दोन दशकांत ती बाजारात रुळल्यावर मोठ्या गावांतून चित्रशाळा निघू लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वकील, शिक्षक, कारकून यांच्या घरांत कुटुंबाचे समूहचित्र दिसू लागले.

याच सुमारास भिंतीवर दुसऱ्याही चित्रांनी जागा घेतली होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघर गेली. त्यामुळे कुटुंबाच्या छायाचित्रास प्रथमपासूनच देवदेवतांचा शेजार लाभला. पुढे त्यांत राष्ट्रपुरुषांची भर पडली. भिंतीवरच्या या शेजाराचा विचार न करता केवळ चौकटीतील चित्र अभ्यासणे म्हणजे पत्रातील एकच ओळ वाचण्यासारखे होय.

‘फोटो काढल्याने आयुष्य घटते’ ही समजूत अनेक घरांत दीर्घकाळ टिकून होती. वडीलधाऱ्या स्त्रियांचे एकही चित्र घरात न सापडल्यास त्याचे कारण नेहमी दारिद्र्य किंवा उपेक्षा हेच असते असे मानू नये.

२. समूहचित्र कशाचा पुरावा आहे?

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली, त्यांत एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मिळकत सामाईक असणे व देवधर्म एकत्र करणे यांचा समावेश आहे. समूहचित्रात यांपैकी एकही लक्षण दिसत नाही. छप्पर बहुधा चित्रशाळेचे असते. चूल, मिळकत व देवघर चौकटीबाहेर राहतात. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा गावाच्या अभ्यासात (१९६४) असे दाखवून दिले की, वेगळे राहणारी घरेही हक्क-कर्तव्यांच्या नात्याने एकत्र असू शकतात. समूहचित्राचा अर्थ लावताना ही दृष्टी अधिक उपयोगी पडते. कोकणातील घराच्या चित्रात उभे असलेले दोन पुत्र वर्षाचे अकरा महिने मुंबईस गिरणीत किंवा कचेरीत नोकरी करणारे असतील, आणि ते चित्र ते गणपतीला गावी आले असता काढलेले असेल. असे चित्र घरात कोण राहत होते हे सांगत नाही. कुटुंब कोणाला आपले मानीत होते, हे ते सांगते. कुटुंबाचे समूहचित्र हे त्याने आपल्या एकत्वाविषयी केलेले विधान आहे, आणि विधान म्हणूनच त्याची छाननी झाली पाहिजे.

ही छाननी करताना प्रसंगाचा विचार प्रथम करावा. मुंज, विवाह, परगावी किंवा परदेशी प्रयाण, नव्या सुनेची किंवा बाळाची पहिली संक्रांत, हे चित्र काढण्याचे रूढ प्रसंग होत. संक्रांतीस काळे वस्त्र नेसून हलव्याचे दागिने ल्यालेली सून व बोरन्हाणाला नटविलेले मूल यांची चित्रे अनेक संग्रहांत आढळतात. मंगल प्रसंगी विधवांनी पुढे येऊ नये अशी रूढी असल्यामुळे मुंज-लग्नाच्या चित्रात एखादी आत्या किंवा काकू न दिसणे हा ती घरात नसल्याचा पुरावा ठरत नाही. कदाचित ती त्याच वेळी आत स्वयंपाकघरात पन्नास पाने वाढण्याची तयारी करीत असेल. अशा ठिकाणी चित्रातील अनुपस्थिती हीच रूढीची साक्ष होय.

दुसरा विचार मांडणीचा. मध्यभागी खुर्चीवर कर्ता पुरुष, शेजारी त्याची पत्नी किंवा वडील बंधू, मागे उभे असलेले पुत्र व सुना, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली मुले, ही रचना इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यातील लहानसा फरकही अर्थपूर्ण ठरतो. मात्र खुर्ची, तिवईवरील फुलदाणी, हातातील पुस्तक व मागचा रंगविलेला पडदा ही बहुधा चित्रशाळेची सामग्री असते. त्यांवरून कुटुंबाच्या संपत्तीचे वा विद्येचे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

३. वार्षिक चित्रमाला

काही कुटुंबांत दरवर्षी एका ठरावीक दिवशी, बहुधा दिवाळीत, समूहचित्र काढण्याचा परिपाठ आढळतो. अशी पंधरा-वीस वर्षांची सलग माला हाती आल्यास तिचे मोल सुट्या चित्रांच्या बेरजेहून पुष्कळ अधिक असते. सतरंजीवरचे मूल मागच्या रांगेत कधी उभे राहिले, मागच्या रांगेतील पुत्र खुर्चीवर कधी आला, नऊवारीच्या जागी पाचवारी कोणत्या सुनेपासून आली, डोक्यावरचा पदर कोणत्या वर्षी खांद्यावर उतरला, पागोट्याची टोपी व टोपीचे उघडे डोके कधी झाले, हे सारे वर्षनिशी मांडता येते. कुटुंबातील सत्तांतर कागदोपत्री नोंदले जात नाही. खुर्चीवरील व्यक्ती बदलल्याने मात्र ते दिसून येते.

पेटी-कॅमेरा घरात आल्यावर या मालेचे स्वरूप पालटले. १२० मापाच्या एका रिळावर बारा चौरस चित्रे निघत, आणि काटकसरी घरात ते रीळ महिनोन्‌महिने पुरवले जाई. एकाच रिळावर संक्रांतीचे बाळ व गणपतीची आरास सापडते, ती यामुळे. चित्रे ओसरीवर, गच्चीत, दारासमोरील रांगोळीपाशी निघू लागली; खुर्चीचे महत्त्व कमी झाले. त्याबरोबर एक नवी अनुपस्थिती निर्माण झाली. चित्रशाळेतील चित्रात सारे कुटुंब असे; घरच्या चित्रात, ज्याच्या हाती कॅमेरा तोच नसतो. बहुधा हा पिता असल्यामुळे ज्याची सत्ता सर्वांत अधिक, त्याचीच चित्रे सर्वांत कमी, असा विपरीत प्रकार पुष्कळ संग्रहांत दिसून येतो.

४. भिंतीची फेररचना

तसबिरींचा क्रम स्थिर नसतो. चुन्याच्या भिंतींच्या घरांत दिवाळीपूर्वीच्या सफेदीला सर्व तसबिरी उतरविल्या जात, काचा पुसल्या जात व भिंत वाळल्यावर त्या पुन्हा खिळ्यांवर चढत. या वार्षिक उतार-चढीतच क्रम बदलण्याची संधी असे. वर्षभरात वारलेल्या व्यक्तीचे चित्र हार घालून पूर्वजांच्या रांगेत जाई; दक्षिण ही पितरांची दिशा म्हणून पुष्कळ घरांत ती रांग दक्षिणेच्या भिंतीस असे. नव्या जोडप्याचे चित्र दर्शनी जागी येई. भांडण होऊन वेगळा निघालेला भाऊ माजघरात किंवा माळ्यावर जाई.

भिंतीची फेररचना हा केवळ हौसेचा विषय नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५६ चे आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुन्या देवदेवतांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा होत्या. त्या पाळावयाच्या म्हणजे घरातील देवादिकांच्या तसबिरी व टाक उतरविणे क्रमप्राप्त होते. त्यांच्या जागी भगवान बुद्ध व बाबासाहेब यांची चित्रे आली. सभास्थानी घेतलेली प्रतिज्ञा घराच्या भिंतीवर अमलात आली. ज्या घरांत वृद्ध मंडळींनी एखादी जुनी तसबीर पेटीत जपून ठेवली, त्या घरांतील दोन पिढ्यांचा संवाद हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

राहत्या जागेच्या बदलाचाही भिंतीवर परिणाम होतो. मुंबईतील बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. भिंतीच्या खालच्या भागात कपाट, वळकट्या व मांडणी असल्यामुळे तसबिरींना छताजवळची पट्टीच उरे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर दूरचित्रवाणी संच ज्या ज्या घरात आला, तेथे सर्वांची तोंडे जिकडे वळतात अशी भिंत त्याने घेतली आणि पूर्वज बाजूस सरले. वरळी येथील पुनर्विकासात २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा तिपटीने वाढली; परंतु नव्या रंगाच्या भिंतीस खिळा ठोकावा की नाही, आणि ठोकल्यास कोणासाठी, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात नव्याने उभा राहतो.

५. जे नष्ट होते

खोलीला नवा रंग देताना किंवा घर बदलताना टाकून दिल्या जाणाऱ्या तसबिरींत स्त्रियांची चित्रे अधिक असण्याचा संभव आहे, आणि त्यामागे सबळ कारणे आहेत. पुरुषाचे चित्र नोकरी, शिक्षण व सत्कार यांच्या निमित्ताने स्वतंत्र निघे. स्त्री बहुधा समूहचित्रातच असे. ती वारल्यावर त्याच समूहातून तिचा चेहरा मोठा करून घेत, व शेजारच्या व्यक्ती कुंचल्याने पुसून टाकीत. अशा तसबिरीच्या कडेला कधी कधी जावेचा खांदा पुसता पुसता राहून गेलेला दिसतो. मूळ समूहचित्र त्यानंतर निरुपयोगी समजले जाते.

याहून बिकट प्रश्न नावाचा आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत विवाहानंतर तांदळाच्या ताटात लिहून वधूचे नाव बदलले जात असे. आडनाव तर बदलेच. परिणामी माहेरच्या चित्रातील मुलगी व सासरच्या चित्रातील सून या एकच व्यक्ती आहेत, हे नावावरून कळत नाही. चित्राच्या पाठीवर पुरुषांची नावे पूर्ण लिहिलेली असतात. स्त्रियांपुढे ‘वहिनी’, ‘मोठ्या काकू’, ‘ताई’ एवढेच. या नात्यांचा अर्थ लिहिणाराच्या पिढीपुरता मर्यादित असतो. ती पिढी गेल्यावर चित्र राहते आणि व्यक्ती नाहीशी होते.

६. अभ्यासकांसाठी काही सूचना

यास्तव क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. तसबिरी उतरविण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा आराखडा काढून दिशा, उंची व क्रम नोंदवावा. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस प्रथम विचारावे व प्रत्येक स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे टिपावीत. चित्राच्या पुढच्या बाजूइतकेच पाठीचेही चित्र घ्यावे. चित्रशाळेचा शिक्का तेथेच सापडतो. दमट हवेत चित्राचा थर काचेस चिकटलेला असल्यास तो ओढून सोडवू नये. काचेसह प्रत काढावी. पाठीवर लिहावयाचे झाल्यास मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने व कडेस लिहावे. रंगीत चित्रांची प्रत आधी काढावी, कारण कृष्णधवल चित्रातील चांदीच्या तुलनेत रंगीत चित्रातील रंगद्रव्ये लवकर विटतात. कुटुंबाच्या संमतीवाचून कोणतेही चित्र प्रसिद्ध करू नये.

आज एका कुटुंबाची एका सणाची शेकडो चित्रे भ्रमणध्वनीत साठतात. त्यांतील एखादेच भिंतीवर येते. म्हणून निवडीचे महत्त्व कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. भिंतीवर काय आले याबरोबरच काय उतरविले गेले, हे विचारण्याची सवय अभ्यासकाने लावून घेतली पाहिजे. रंगारी घरात येण्यापूर्वीचा एक दिवस या कामास पुरेसा असतो. तो गेल्यानंतर मात्र उत्तर देणारे साधन बहुधा उरत नाही.