दहा रुपयांचा दंड आता हजारावर!

ठाण्यातली तलावपाळी, उपवन किंवा कल्याणचा काळा तलाव. संध्याकाळी पोरांना घेऊन फिरायला गेलात आणि शेजारच्या बाकावर कुणी दारू पिऊन धिंगाणा घालत असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५, लागू १ जुलै २०२४ पासून. नशेत सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास दिला तर २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाहीतर समाजसेवेची शिक्षा! जुन्या दंडविधानात हाच दंड होता जास्तीत जास्त १० रुपये, तोही १८६० पासूनचा. त्याची भीती कोणाला वाटणार होती? मला समाजसेवेची तरतूद सगळ्यात आवडली. तलावाकाठचा कचरा उचलायला लावला, तर किती छान होईल!

 

आणि हो, दोघांनी बाकावर शांतपणे गप्पा मारत बसणं हा गुन्हा नाही. त्यांना हटकू नका.

दंगा दिसला तर स्वतः भांडायला जाऊ नका, ११२ लावा. ठाणे, कल्याण, डोंबिवली तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयातच येतात. फोनवर जवळची खूण नीट सांगा: कोणतं प्रवेशद्वार, कोणता घाट.