सरकारी रुग्णालयातील चूक : दाद कोठे मागावी?

'डॉक्टर, सिव्हिलमध्ये चूक झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येते का?' असे रुग्ण विचारतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. मात्र जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली. केसपेपरची नाममात्र फी भरल्याने कोणी ग्राहक ठरत नाही. म्हणजे माझ्यासारख्या खासगी डॉक्टरला आयोगापुढे खेचता येते. सरकारी रुग्णालयातल्या गरिबाने दिवाणी न्यायालय गाठायचे.

तेथे किती काळ लागतो? १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदी केलेल्या बाईच्या पोटात टॉवेल राहिला. ती दगावली. कुटुंबाला ३६ हजार रुपये देण्याचा खालच्या न्यायालयाचा हुकूम उच्च न्यायालयाने फिरवला, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, तोही १९९६ साली!

कायदा कडक करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण शस्त्रक्रियेनंतर टॉवेल मोजायला माणूस लागतो, आणि माणसाला पगार. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तेवढा तो गेला नाही.

तोवर केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.