नागसेनवन ते वेरूळ : सायकलवरून पाहिलेला इतिहास

शाळांच्या सहली बहुधा बसने निघतात. बस दौलताबादला तासभर थांबते, वेरूळला दोन तास थांबते, आणि मधला मुलूख विद्यार्थी झोपेतच ओलांडतात. इतिहासाच्या शिक्षकाला हे नुकसान चांगले ठाऊक असते. दोन अवशेषांच्या मधला जो कोरडा, उघडाबोडका प्रदेश, त्याच्यावाचून त्या अवशेषांचा अर्थ लागत नाही. किल्ला तेथेच का बांधला, लेणी त्याच कड्यात का कोरली, राजधानी आली तशी परत का गेली, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा जमिनीच्या चढउतारात आणि पाण्याच्या ठावठिकाण्यात दडलेली असतात. म्हणून गेली काही वर्षे आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांना ही वाट सायकलवरून घडवीत आहोत. पुढे ज्यांना अशी सहल काढावयाची असेल त्यांच्यासाठी तिचा थोडा तपशील येथे मांडतो.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, ते वेरूळ हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. दौलताबाद जवळजवळ निम्म्या वाटेवर येते. सरावलेला सायकलस्वार हे अंतर एका सकाळीत कापील. आम्ही जाण्यायेण्यास दोन दिवस घेतो आणि खुलताबादेत मुक्काम करतो. काळ नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हाच योग्य. या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. फेब्रुवारी सरता सरता नाले आटतात, गवत पिवळे पडून झडते आणि काळ्या कातळावरून उठणारी धग पायाला जाणवू लागते.

सायकली भारी लागत नाहीत. गिअर नसलेली साधी सायकलही चालते, मात्र ब्रेकचे रबर नवे हवे आणि बैठकीची उंची ज्याच्या त्याच्या पायाला जुळवून घेतलेली हवी. बुटका मुलगा उंच सायकलवर दहा किलोमीटरांतच थकतो आणि दोष त्याच्या अंगाला देतो. खरा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. रस्ता सोडून कडेच्या मातीत चाक गेले की पंक्चर ठरलेले. दर पाच सायकलींमागे एक पंप, पंक्चरचे सामान आणि एक जादा ट्यूब आम्ही बाळगतो, आणि पंक्चर काढणे प्रत्येकाला, मुलींना तर आवर्जून, आधी शिकवतो. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला रुमाल, मीठ-साखरेची पुडी. महामार्गावर वाहनांची वर्दळ मोठी असल्याने एकामागे एक चालावे लागते. पुढे एक शिक्षक, मागे सामानाचा टेम्पो.

प्रत्येकाजवळ एक वही असते. तिच्यात प्रत्येक स्थळासाठी तीनच गोष्टी लिहावयाच्या : पाणी कोठून येते, कोठे साठते, आणि ते कोण भरू शकत असे.

आम्ही नागसेनवनातून निघतो. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातील दलित तरुणांना उच्च शिक्षणाची वाट जवळपास नव्हतीच. येथून विद्यापीठाच्या मागे डोंगराच्या कुशीत औरंगाबादची लेणी लागतात. वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीमुळे ती झाकली गेली आहेत. पण तिसऱ्या लेण्यातील गुडघे टेकून बसलेले उपासक एकदा पाहिले की विसरत नाहीत. स्त्रिया आणि पुरुष, जवळजवळ माणसाच्या आकाराचे, हात जोडून भगवान बुद्धांच्या मूर्तीकडे तोंड करून बसलेले आहेत. त्यांचे केस, दागिने, मुद्रा वेगवेगळ्या आहेत.

याच ठिकाणी आम्ही दगडाचा धडा घेतो. सह्याद्रीचा आणि मराठवाड्याचा हा काळा दगड लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाला. काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र. सच्छिद्र थरातून आणि दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते. लेणी कोरणाऱ्यांना हे पक्के माहीत होते. म्हणून महाराष्ट्रातील लेण्यांत विहाराजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. जुन्या प्राकृत लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या सोनाराने अशी पोढी दान दिल्याची नोंद आहे. राजाने दिलेल्या गावांइतकेच कारागिराने दिलेल्या पाण्याचे मोल त्या संघाला होते, असे आम्हाला वाटते.

शहराचे पाणीही असेच जमिनीखालून आणले गेले. हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविले. डोंगराच्या पायथ्याचे भूजल भुयारी मार्गाने उतारावरून शहरात खेळवणारी नहर त्याने बांधली. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पंप नाही, इंजिन नाही. केवळ उतार आणि पाण्याचा दाब. पाणचक्कीजवळ थांबले की हे तत्त्व मुलांच्या चटकन ध्यानात येते, कारण उतारावर पायडल न मारता सायकल धावते हे त्यांनी नुकतेच अनुभवलेले असते.

दौलताबाद दुरूनच दिसू लागते. तासून उभा केलेला कडा, आणि त्याभोवती कातळात खोदलेला खंदक. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांनी येथे राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली. क्रमिक पुस्तकात तुघलकाच्या लहरीची गोष्ट असते. पण सायकलवरून तहानलेले येऊन आत शिरले, प्रचंड हत्ती हौद समोर पाहिला आणि आपल्या बाटलीत उरलेले चार घोट मोजले, म्हणजे एवढ्या लोकवस्तीला पाणी पुरविणे काय असते, हे लहरीच्या गोष्टीपेक्षा अधिक कळते. चांद मिनार, अंधारी, चिनी महाल यांचे वर्णन कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मिळेल. ते येथे देत नाही.

आम्ही थांबतो ते दरवाजाच्या बाहेर. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबाद लागले. तो निजामाचा मुलूख होता आणि महिना रमजानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले एक लहान टाके होते, त्याभोवती फरसबंदी होती. प्रवासाच्या धुळीने सर्व माखलेले होते. सायकलवरून आलेल्या मुलांना ही धूळ समजावून सांगावी लागत नाही. मंडळींपैकी काहींनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले आणि सगळे दरवाजाकडे गेले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत धावत आला : अस्पृश्यांनी टाके बाटविले. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आपण बाहेरगावचे आहोत, येथील रीत आपल्याला ठाऊक नाही, हे सांगूनही उपयोग होईना. तेव्हा बाबासाहेबांनी विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यालाही हे पाणी नाकाराल काय? या प्रश्नाने जमाव गप्प झाला. अखेर आत जाण्यास परवानगी मिळाली ती एका अटीवर : किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहण्यास एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग सांगताना शिक्षकाने जपावे लागते. वर्गात भिन्न घरांतील मुले असतात. एका समाजाविषयी कडवटपणा घेऊन ती परतली तर सहल वाया गेली. म्हणून आम्ही त्याच बैठकीत महाड सांगतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी अडविले आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण केले ते कोण होते, हेही मुलांनी जाणावे. अस्पृश्यता एका धर्माच्या उंबरठ्यावर थांबली नाही. ती या देशातील सर्वांच्या अंगवळणी पडली होती. दौलताबादच्या प्रसंगातून बाबासाहेबांना दाखवावयाचे होते ते हेच.

एके वर्षी हा धडा आम्हाला पुस्तकाबाहेर मिळाला. पंक्चरमुळे मागे राहिलेल्या चार मुली पाणी मागण्यासाठी वाटेवरील एका वस्तीवर गेल्या. घरातील आजीबाईंनी तांब्या भरून आणला आणि देण्यापूर्वी विचारले, “कोणत्या गावच्या गं तुम्ही? आडनाव काय?” मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतील एकीने आडनाव स्पष्ट सांगितले. आजीबाई क्षणभर थांबल्या, मग तांब्या त्यांनी दिला. पण ओंजळीत वरून पाणी ओतून. मुलींनी पाणी प्यायले नाही, धन्यवाद देऊन परतल्या. सायंकाळी त्यांनी हे सांगितले तेव्हा दोन मते पडली. पाणी प्यायला हवे होते, आजीबाई निदान देत तरी होत्या, असे एका मुलाचे म्हणणे. “तू असतास तर कळलं असतं,” एवढेच ती मुलगी म्हणाली. आम्ही निवाडा दिला नाही. वहीतील तिसरा रकाना त्या दिवशी सर्वांनी पुन्हा लिहिला.

दौलताबादहून पुढे घाट. जुन्या तटबंदीच्या दरवाजातून रस्ता जातो, तेथे वाहने अडून राहतात. सायकलवरून उतरून चालणेच शहाणपणाचे. चढ संपला की कागजीपुरा, हाताने कागद बनविणाऱ्यांचे जुने गाव, आणि मग खुलताबाद. येथे औरंगजेबाची कबर पाहण्यास सगळे जातात. आम्ही मुलांना मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे नेतो. आफ्रिकेतील हबशांच्या देशात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात वारंवार विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मुघलांशी वर्षानुवर्षे झुंजला आणि १६२६ मध्ये येथे विसावला. सकाळी ज्याची नहर पाहिली, संध्याकाळी त्याची कबर.

दुसऱ्या दिवशी उतारावरून वेरूळ. एकंदर ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध आहेत. सहलीच्या बसगाड्या कैलास लेण्यापाशी थांबतात आणि पुष्कळ मंडळी तेथूनच परततात. आम्ही दक्षिण टोकापासून आरंभ करतो. दहाव्या, विश्वकर्मा लेण्यातील कातळात कोरलेल्या फासळ्या आणि बाराव्या तीन ताल लेण्यातील बुद्धांच्या रांगा पाहाव्यातच. पण आमचा अधिक वेळ पाचव्या लेण्यात जातो. हे सुमारे ११७ फूट खोल, २४ खांबांचे दालन आहे. मध्यभागी दगडाचे दोन लांब, बुटके बाक समांतर गेलेले आहेत. भिक्खू येथे समोरासमोर ओळीने बसून भोजन किंवा पठण करीत असावेत, असे अभ्यासक मानतात. या लेण्याचे लोकांतील नाव ‘महारवाडा’. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथातही ते आढळते. भिक्खू गेले, त्यांची आठवण पुसली, आणि टोकाला असलेल्या या उजाड विहारांना गावाने आपल्या ओळखीचे, गावकुसाबाहेरचे नाव दिले असावे, असा आमचा तर्क आहे.

हे नाव मुलांना सांगावे की नाही, याबद्दल आमच्या सहकाऱ्यांत मतभेद आहेत. आम्ही सांगतो. त्या दिवशी पाणी न पिता परतलेली मुलगी बाकांच्या एका टोकाशी उभी राहून दुसऱ्या टोकापर्यंत पावलांनी लांबी मोजत गेली, आणि किती माणसे येथे एका वेळी बसत असतील याचा हिशेब तिने वहीत मांडला. मांडीला मांडी लावून बसले तर किती आणि अंतर ठेवून बसले तर किती, असे तिचे दोन आकडे होते.

परतीचा घाट दुपारी तीनपूर्वी उतरावा. दोन सायकलींत निदान वीस फूट अंतर ठेवावे, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत राहावे, आणि तटबंदीच्या दरवाजापाशी सर्वांनी उतरून मोजदाद द्यावी.