डोळा पुढे येणे : आघातोत्तर विकारांची परिभाषा आणि अर्थकारण

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत वैद्यकीय संज्ञांचा अर्थ नेमकेपणाने जाणणे हे केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. उपचाराची तातडी, नुकसानभरपाई आणि विमा या तिन्ही गोष्टी पुष्कळदा कागदावरील एका शब्दावर अवलंबून असतात. डोळ्यांच्या दुखापती हे याचे उत्तम उदाहरण होय.

संज्ञांचा अर्थ

नेत्रगोल खोबणीतून पुढे येण्याच्या अवस्थेस ‘प्रॉप्टोसिस’ किंवा ‘एक्सॉफ्थाल्मॉस’ म्हणतात. दोन्ही शब्द ग्रीक मूळाचे आहेत. कोणत्याही कारणाने डोळा पुढे आल्यास पहिला शब्द वापरतात. दुसरा बहुधा थायरॉईड ग्रंथीच्या विकारासाठी राखून ठेवला जातो. या विकाराचे वर्णन आयर्लंडमधील डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये केले. याउलट, डोळा आत खोल जाण्यास ‘एनॉफ्थाल्मॉस’ म्हणतात आणि वरची पापणी खाली उतरण्यास ‘टोसिस’. परीक्षार्थींनी ‘टोसिस’ आणि ‘प्रॉप्टोसिस’ यांत गल्लत करू नये.

पुढे आलेल्या डोळ्याचे मोजमाप मिलिमीटरमध्ये केले जाते. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरहून अधिक फरक आढळल्यास तो तपासणीयोग्य मानतात.

आघातानंतरचे विकार

‘ट्रॉमा’ म्हणजे जखम वा आघात. त्यानंतर उद्भवणारे ते आघातोत्तर विकार. डोळ्यामागे रक्तस्राव झाल्यास खोबणीतील दाब वाढतो, कारण तिच्या भिंती हाडांच्या असल्याने रक्ताला पसरण्यास जागा नसते. नेत्रगोल पुढे ढकलला जातो, दृष्टिचेतेचा रक्तपुरवठा खुंटतो आणि दीड-दोन तासांत दाब न उतरल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. खोबणीच्या तळाचे हाड मोडल्यास मात्र डोळा आत जातो. डोक्याच्या दुखापतीनंतर कधीकधी मेंदूच्या तळाशी धमनी व शिरा यांच्यात विकृत जोड निर्माण होतो. तेव्हा पुढे आलेला डोळा नाडीबरोबर स्पंदन पावतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे आणखी दोन आघातोत्तर परिणाम. यांपैकी काचबिंदू अनेक वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. मनावरील आघातोत्तर ताणविकार हा याच कुळातील शब्द असून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात तो १९८० मध्ये समाविष्ट झाला.

बेंगळुरूचे उदाहरण

या दोन्ही बाजूंचे उपचार बेंगळुरूत एकाच संस्थेत पाहावयास मिळतात. १९७४ मध्ये स्थापन झालेली निम्हान्स ही संस्था मेंदूच्या दुखापती आणि मानसिक विकार या दोहोंवर उपचार करते. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. १८९६ पासून कार्यरत असलेल्या मिंटो या सरकारी नेत्ररुग्णालयात दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांनी जखमी झालेले रुग्ण, विशेषतः लहान मुले, दरवर्षी येतात. शहरांत मोठा प्रश्न आहे तो रस्ते अपघातांचा. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वाधिक होता. अर्धे शिरस्त्राण चेहऱ्याचे व डोळ्यांचे रक्षण करीत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

किंमत कोण देतो?

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा निरोगी असताना एक डोळा गमावल्यास उत्पन्नक्षमतेची हानी ४० टक्के धरली होती. नेत्रगोल विद्रूप न होता केवळ दृष्टी गेल्यास ३० टक्के. म्हणजेच प्रमाणपत्रातील एका वाक्याने भरपाईत एक-चतुर्थांशाचा फरक पडत असे. हा कायदा पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आला.

भरपाई नंतर मिळते. डोळा वाचवायचा तर खर्च आधी करावा लागतो. रोजंदारीवरील कुटुंब पैशांची जुळवाजुळव करीत असताना ते दीड-दोन तास निघून जातात. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात गंभीर आघातानंतरच्या पहिल्या तासाची, म्हणजे ‘सुवर्ण तासा’ची व्याख्या आली. कलम १६२ अन्वये मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत अपघातग्रस्तास दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची, अपघातापासून सात दिवसांसाठी, तरतूद आहे. मदत करणाऱ्या नागरिकास कलम १३४ अ संरक्षण देते.

तथापि, तरतूद आणि लाभ यांत अंतर असते. जखमीचा डोळा सुजून पुढे येत आहे, दिसणे कमी होत आहे, ही लक्षणे तातडीची आहेत हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळले पाहिजे आणि उपचारांसाठी आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत हेही ठाऊक असले पाहिजे. आरोग्यावरील खर्चाइतकीच या माहितीच्या प्रसाराची गरज आहे. कारण तिच्या अभावी गेलेली दृष्टी कोणत्याही भरपाईने परत मिळत नाही.