गुरांची सांथ कशी थांबते?



२०२२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत महाराष्ट्रांतील पुष्कळ शहरी घरांतून एक प्रश्न ऐकूं येत होता: दूध घ्यावें, कीं कांहीं दिवस बंद करावें? लंपी चर्मरोगाच्या बातम्या रोज येत होत्या, अंगभर गांठी उठलेल्या गाईंचीं छायाचित्रें मोबाईलवर फिरत होतीं, आणि चहाचा पेला तोंडाशीं नेतांना मन कचरत होतें. ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. हा रोग माणसास होत नाहीं. दूध नेहमींप्रमाणें उकळून प्यावें, त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ज्या गोठ्यांतून तें दूध येतें तेथें काय चाललें आहे, हा दुसरा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, वेळ नदीच्या खोऱ्यांत, केंदूर नांवाचें गांव आहे. संत कान्हूराज पाठक यांचें गांव म्हणून तें वारकरी मंडळींस परिचित आहे. ह्या मुलुखांत पाऊस बेताचाच. अशा ठिकाणीं पीक बुडालें तरी गोठ्यांतील दोन गाई घर तारून नेतात. मुलांची फी, दुकानाची उधारी आणि पुढचें पशुखाद्य दुधाच्या पैशांतून भागतें. तेव्हां अशा घरीं गाय आजारी पडणें म्हणजे एका जनावराचें दुखणें नव्हे, साऱ्या घराचा संसार अडणें होय.

लंपी हा विषाणूपासून होणारा रोग आहे. विषाणु स्वतंत्रपणें वाढूं शकत नाहीं. तो दुसऱ्या जीवाच्या पेशींत शिरतो आणि तेथेंच आपली प्रजा वाढवितो. म्हणून जंतूंचा नाश करणारीं प्रतिजैविक औषधें त्याच्यावर चालत नाहींत. वैद्य ताप उतरवील, जखमा चिघळूं देणार नाहीं, जनावरास शक्ति देईल. विषाणूवर मात मात्र गाईच्या शरीरासच करावी लागते. परंतु ज्याला औषधानें मारतां येत नाहीं, त्याला उपाशी ठेवतां येतें. त्याला पुढचें जनावर मिळूं द्यावयाचें नाहीं. सांथीच्या नियंत्रणाचें सारें शास्त्र ह्या एका गोष्टींत सांठलेलें आहे.

आतां हें पुढचें जनावर त्यास मिळतें कसें, तें पाहूं. गोठ्यांतल्या गोठ्यांत डांस, चावऱ्या माश्या व गोचीड हें काम करतात. म्हणून शेणाचा उकिरडा दूर ठेवणें, पाणी सांचूं न देणें, औषधाची फवारणी करणें आणि आजारी गाय वेगळी बांधणें हे पहिले उपाय होत. पण माशी किती उडणार? १९२९ सालीं आफ्रिकेंतील उत्तर ऱ्होडेशियांत, म्हणजे आजच्या झांबियांत, प्रथम आढळलेला हा रोग २०१९ मध्यें ओडिशांत आला, आणि ४ ऑगस्ट २०२२ रोजीं जळगांव जिल्ह्यांतील चिनावल येथें दिसून आला. एवढे लांबचे पल्ले तो बहुधा आजारी जनावराबरोबरच गांठतो. म्हणूनच त्या वर्षीं गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, आणि नुकतीच न्यायालयाची परवानगी मिळालेल्या बैलगाडा शर्यतीही थांबवाव्या लागल्या.

दुसरा उपाय लसीचा. १७९६ मध्यें जेन्नरनें गाईच्या देवीची लस देऊन माणसास देवीपासून वांचविलें, हें आपणांस ठाऊक आहे. २०२२ मध्यें बकरीच्या देवीची लस देऊन गाईस वांचविलें गेलें. कारण बकरीच्या देवीचा विषाणु आणि लंपीचा विषाणु हे एकाच कुळांतले. रोग दिसलेल्या गांवाभोंवतीं पांच किलोमीटरचें कडें धरून निरोगी जनावरांस लस टोंचण्यास आरंभ झाला, आणि पुढें राज्यांतील एक कोटीहून अधिक गुरांस ती मिळाली. लंपीवरील लस तयार करण्याचें तंत्र डिसेंबर २०२२ मध्यें पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेस देण्यांत आलें. मात्र लस टोंचल्यावर पुरतें बळ येण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. तोंवर वेगळेपणाचें कुंपण मोडूं नये.

लस नसली म्हणजे काय होतें, तें डुकरांच्या आफ्रिकन तापानें दाखविलें. २०२० मध्यें तो आसामांत आणि अरुणाचलांत शिरला. भारतांत त्यावर वापरांत असलेली लस नाहीं. तेव्हां बाधित कळप मारून पुरणें आणि वाहतूक रोखणें एवढेंच हातीं उरतें. ह्या तापाचा विषाणु मांसांत दीर्घकाळ टिकतो, आणि शहरांतलें खरकटें न उकळतां डुकरांस घातलें कीं कळपांत पोंचतो. १९५७ मध्यें पोर्तुगालांत तो शिरला तो विमानांतून आलेल्या उष्ट्या अन्नामुळेंच. म्हणजे आपण टाकलेल्या अन्नाचा आणि दूरच्या कळपाचा संबंध आहे.

ह्या सर्व उपायांचा पाया एकच: पहिलें आजारी जनावर लपूं नये. पण मालकानें तें कां सांगावें? सांगितलें तर दूध कोणी घेणार नाहीं, शेजारी दारांत उभे राहूं देणार नाहींत, ही भीति खोटी नसते. म्हणूनच दगावलेल्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार आणि वासरास १६ हजार रुपये अशी भरपाई राज्य सरकारनें ठरविली. तिला केवळ दया समजूं नये; खरें बोलणाऱ्याचें नुकसान होऊं नये, अशी ती तजवीज होय. आणि येथें शहरवासीयांचा वांटा येतो. आपण अफवेवरून दूध बंद केलें कीं गांवांत गाय लपते, आणि लपलेल्या गाईबरोबर सांथ पसरते.

हें काम अशक्य नाहीं. बुळकांडीनें एके काळीं गांवेंच्या गांवें गुरांवांचून ओस पाडलीं. तिच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यांत सरकारी प्रयोगशाळा निघाली, आणि १८९३ मध्यें ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरास हलविण्यांत आली. कारण रोगाचें विष हाताळावयाचें तर तेंही वस्तीपासून दूर एकांतांतच. लस, वेगळेपणा आणि गांवोगांवची खबर ह्यांच्या बळावर १९९५ मध्यें भारतांत बुळकांडीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, आणि २०११ मध्यें ती जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. माणसानें समूळ घालविलेला जनावरांचा हा पहिलाच रोग. लंपीच्या बाबतींत तो दिवस अजून दूर आहे. तोंवर पुढच्या सांथीची बातमी वाचतांना दुधाविषयीं विचारावेंच. पण आपला गवळी कोठून दूध आणतो आणि तेथील गुरांस लस मिळाली कीं नाहीं, हेंही त्यास विचारावें. शहरांतून कोणी हें विचारीत आहे असें दिसलें, म्हणजे गोठ्यांतही तें सांगण्याचें धैर्य येईल.