दोन्ही पक्षांचे बलाबल

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या. ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही, त्याने आपल्यावर कर लादावेत, हे तेथील लोकांना मान्य नव्हते. हा वाद विकोपास जाऊन १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन व काँकर्ड या गावी बंदुका झडल्या. ४ जुलै १७७६ रोजी वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. परंतु स्वातंत्र्य जाहीर करणे निराळे आणि ते मिळवणे निराळे!

त्या वेळी कोणी दोन्ही पक्षांचे बलाबल तोलून पाहिले असते, तर इंग्लंडचाच जय होणार, असे त्याला वाटले असते. इंग्लंडचे आरमार जगात श्रेष्ठ होते. त्याची फौज कवायती होती आणि खजिना भरपूर होता. शिवाय जर्मन संस्थानिकांकडून त्याने सुमारे ३०,००० शिपाई भाड्याने आणले होते.

उलट, वसाहतींची लोकसंख्या अवघी २५ लाखांच्या आसपास होती. त्यांचे बहुतेक सैनिक साधे शेतकरी. नोकरीची मुदत संपली, की ते आपापल्या शेतांकडे परतत. वसाहतींच्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. तिने कागदी नोटा छापल्या; पण त्यांची किंमत झपाट्याने घसरली. लोकांतही एकजूट नव्हती. हजारो वसाहतवाले राजाशी एकनिष्ठ राहिले. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथील छावणीत सैनिकांना पुरेसे अन्न नव्हते, वस्त्रे नव्हती. कित्येकांच्या पायांत जोडेही नव्हते. रोगराईने सुमारे २,००० सैनिक तेथे मरण पावले.

मग अशा दुबळ्या पक्षाचा जय कसा झाला? इंग्लंड आणि रणभूमी यांच्यामध्ये सुमारे ३,००० मैलांचा समुद्र होता. लंडनचा हुकूम सेनापतीच्या हाती पडेपर्यंत कित्येक आठवडे लोटत आणि तोवर परिस्थिती पालटलेली असे. इंग्रजांनी १७७६ मध्ये न्यूयॉर्क आणि १७७७ मध्ये फिलाडेल्फिया घेतले. तरीही युद्ध संपले नाही. शहरे हाती आली, पण भोवतालचा अफाट मुलूख हाती आला नाही.

वसाहतींचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याने हे मर्म ओळखले होते. तो अनेक लढाया हरला; परंतु आपले सैन्य त्याने मोडू दिले नाही. २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी ओलांडून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रेंटन येथील जर्मन शिपायांवर अचानक छापा घातला. त्या विजयाने खचलेल्या लोकांना धीर आला.

ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे एक इंग्रज फौज शरण आली. ते पाहून १७७८ मध्ये फ्रान्सने वसाहतींशी तह केला. वसाहतींना आरमाराची मोठी उणीव होती. ती आता भरून निघाली. इंग्रजांचे बळ मात्र विभागले गेले. हिंदुस्थानातही त्याच काळात त्यांची कंपनी मराठ्यांशी लढत होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिच्या फौजेला हार खावी लागली.

१७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिस इंग्रजी जहाजांची वाट पाहत होता. परंतु फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली होती. ज्या सागरी बळावर इंग्लंडची भिस्त, तेच ऐन वेळी तोकडे पडले! १९ ऑक्टोबर रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. १७८३ मध्ये पॅरिसच्या तहाने इंग्लंडने वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य केले.

तथापि, विजयी पक्षाचा एक दुबळेपणा तसाच राहिला. सर्व माणसे समान आहेत, असे जाहीर करणाऱ्या त्या देशात लक्षावधी माणसे गुलामगिरीत होती. इंग्रजांनी मुक्ततेचे वचन दिल्यामुळे त्यांतील हजारो गुलाम युद्धकाळात इंग्रजांच्या छावणीकडे पळून गेले होते. ती गुलामगिरी कायद्याने नष्ट होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. परक्या सत्तेशी झालेले युद्ध आठ वर्षांत संपले. स्वतःच्या दोषाशी मात्र त्या राष्ट्राला कितीतरी अधिक काळ झगडावे लागले.